शिकाऱ्याचे केशरी जाकीट आणि चांद्याचे जंगल

पालघर जिल्ह्यात मनोरजवळ बोरशेतीचे जंगल आहे. २०२५च्या जानेवारीअखेरीस गावकऱ्यांचा एक गट तेथे रानडुकराच्या शिकारीला गेला होता. मागाहून येऊन मिळणाऱ्या आपल्याच सोबत्यांची हालचाल झाडीत जाणवली, ती डुकराची समजून एकाने बंदूक चालविली आणि एक गावकरी जागीच ठार झाला. घाबरलेल्या सोबत्यांनी मृतदेह झुडपांत दडविला. काही दिवसांनी प्रकरण पोलिसांपर्यंत पोहोचले आणि अटकसत्र सुरू झाले.

शिकार बेकायदा होती हे उघडच आहे. पण माणसाला सावज समजून गोळी घालण्याचा हा प्रकार शिकारीइतकाच जुना आहे आणि जिथे शिकार कायदेशीर आहे अशा देशांनी त्यावर एक साधा उपाय शोधला आहे. बंदूक घेऊन रानात शिरणाऱ्याने डोळ्यांत भरेल असे झगझगीत केशरी कपडे घालावेत, तसे न केल्यास दंड भरावा. आपल्याकडे रस्त्याच्या कामावरील मजुरांच्या किंवा रेल्वेमार्गावरील कामगारांच्या अंगात जे जाकीट दिसते, साधारण तेच. वाघांच्या हल्ल्यांमुळे सतत बातम्यांत असलेल्या चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत असा नियम हवा काय, हा प्रश्न वरवर पाहता सोपा वाटतो. प्रत्यक्षात तो तसा नाही, कारण येथे कायद्याच्या दृष्टीने ‘शिकारी’ नावाचा माणूसच जवळजवळ अस्तित्वात नाही आणि जंगलात मरणारा माणूस बहुधा बंदुकीने मरत नाही.

नियम कोठून आला?

अमेरिकेत हरणांच्या शिकारीचा हंगाम शरद ऋतूत असतो. लाखो माणसे एकाच वेळी रानात उतरतात आणि एकमेकांच्या गोळ्यांच्या टप्प्यात येतात. पूर्वी शिकारी लाल चौकड्यांचे लोकरी कोट घालीत. परंतु संधिप्रकाशात लाल रंग काळपट होतो. शरदातल्या लाल-तपकिरी पानांतही तो मिसळून जातो. १९६०च्या दशकात निरनिराळ्या राज्यांत चाचण्या झाल्या आणि फ्लोरोसंट केशरी हा रंग सर्वांत सरस ठरला. त्यानंतर एकेका राज्याने तो बंधनकारक केला. आज बहुतेक राज्यांत बंदुकीने मोठे जनावर मारू पाहणाऱ्यास तो घालावा लागतो. किती घालावा याचेही मोजमाप आहे. कोठे २५० चौरस इंच, कोठे ४००, कोठे ५०० आणि बहुधा डोक्यावर टोपीही त्याच रंगाची. विस्कॉन्सिन राज्याने तर २०१६ मध्ये केशरीच्या जोडीला झगझगीत गुलाबी रंगालाही मान्यता दिली. स्त्रिया शिकारीकडे वळाव्यात हा त्यामागील एक हेतू होता, त्यावर तेथील स्त्रियांनीच टीकाही केली.

या रंगाची करामत रंगछटेत नसून फ्लोरोसंट गुणात आहे. असे कापड सूर्यप्रकाशातील अतिनील व निळ्या बाजूचे किरण शोषून घेते आणि ते केशरी प्रकाशाच्या रूपाने परत सोडते. त्यामुळे आजूबाजूच्या कोणत्याही वस्तूपेक्षा ते अधिक उजळ भासते, ढगाळ सकाळी वा सूर्यास्ताच्या सुमारास तर विशेषच. लाल-हिरवा भेद नीट न कळणाऱ्या माणसालाही हा उजळपणा जाणवतो. मात्र रात्री हा गुण संपतो. अंधारात फ्लोरोसंट कापड हे केवळ कापड असते. तेथे उपयोगी पडते ती परावर्तक पट्टी, जी विजेरीचा झोत आल्या दिशेने परत फेकते. आपल्याकडील नियमाचा विचार करताना हा मुद्दा लक्षात ठेवावा लागेल, कारण विदर्भातले रानडूक शेतात येते ते रात्री.

फ्रान्सने हा नियम उशिरा, २०१९च्या कायद्याने केला. मोठ्या जनावरांच्या सामूहिक शिकारीत, म्हणजे आपण ज्याला ‘हाका’ म्हणतो तशा शिकारीत, भाग घेणाऱ्या सर्वांना केशरी जाकीट सक्तीचे झाले. पुढच्याच वर्षी, डिसेंबर २०२० मध्ये, त्या देशाच्या नैर्ऋत्येकडील लोत प्रांतात घराजवळ लाकडे तोडणारा पंचवीस वर्षांचा तरुण शिकाऱ्याच्या गोळीने मेला. शिकाऱ्याला तो रानडुक्कर वाटला होता. जाकिटाचा नियम होता, पण तो शिकाऱ्यांसाठी. लाकडे तोडणाऱ्यासाठी नव्हता. या मृत्यूनंतर फ्रान्समध्ये मोठी चळवळ उभी राहिली. जानेवारी २०२३ मध्ये सरकारने शिकाऱ्यांचे प्रशिक्षण आणि दारू पिऊन शिकार करण्यावर निर्बंध अशी उपाययोजना जाहीर केली.

याउलट न्यूझीलंडमध्ये शिकार हा लोकांचा आवडता छंद असूनही उजळ कपड्यांची कायद्याने सक्ती नाही. तेथे भर आहे तो एकाच गोष्टीवर: समोर काय आहे याची निःसंशय खात्री झाल्याखेरीज चाप ओढू नये. जबाबदारी बंदूक धरणाऱ्याची, दिसणाऱ्याची नव्हे. सक्तीच्या विरोधकांचे म्हणणे असे की, सर्वांनी केशरी घातले म्हणजे ‘जे केशरी नाही ते जनावर’ अशी घातक सवय नजरेला लागते. लोतमधील लाकूडतोड्याची गोष्ट पाहिली की हा युक्तिवाद अगदीच पोकळ वाटत नाही.

हरणाच्या आणि वाघाच्या डोळ्यांना

शहरी वाचकाला पहिली शंका येते ती ही की, इतका भडक कपडा घातल्यावर जनावर पळून जाणार नाही काय? ताडोबाच्या सफारीला जाताना तर आपल्याला खाकी, हिरवे, मातकट कपडे घालायला सांगतात.

माणसाच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या असतात, हरणांच्या डोळ्यांत दोनच. अमेरिकेतील जॉर्जिया विद्यापीठात १९९०च्या दशकात झालेल्या प्रयोगांतून हे स्पष्ट झाले की, पांढऱ्या शेपटीच्या हरणांना निळा व हिरवट-पिवळा हे पट्टे दिसतात. केशरी आणि हिरवा यांत मात्र त्यांना फरक फारसा कळत नाही. निळ्या बाजूला त्यांची नजर आपल्यापेक्षा तीक्ष्ण असते. गंमत अशी की केशरी जाकिटापेक्षा धुण्याच्या पावडरीतील उजळपणा आणणारे द्रव्य, आपल्याकडे ज्याला सर्रास टिनोपॉल म्हणतात ते, हरणाला अधिक खटकते. टिनोपॉलने चमकविलेला पांढरा सदरा अतिनील प्रकाशात निळसर झळकतो आणि ती झळाळी हरणाला पहाटेच्या अंधुक उजेडातही दिसते.

वाघाचा केशरी रंग याच न्यायाने समजतो. झाडीत दबा धरणाऱ्या प्राण्याने असा भडक रंग का घ्यावा, हे कोडे ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये संगणकीय प्रतिमानांच्या साहाय्याने तपासले. दोनच शंकुपेशींच्या नजरेतून पाहिल्यास वाघ केशरी दिसतच नाही, तो भोवतालच्या हिरव्या झाडीत विरून जातो. चितळ आणि सांबर यांच्यापासून लपायला हिरवा रंगच हवा असे नाही, त्यांना हिरवा भासेल असा रंग पुरतो.

आता हेच उलट करून पाहावे. वाघाच्या डोळ्यांतही मांजरकुळातील इतरांप्रमाणे दोनच प्रकारच्या शंकुपेशी आहेत. म्हणजे शिकाऱ्याचे केशरी जाकीट ज्या कारणाने हरणाला दिसत नाही, त्याच कारणाने ते वाघालाही भडक दिसण्याची शक्यता कमी. ‘जंगलात जाणाऱ्यांना केशरी जाकिटे वाटा, म्हणजे वाघ दुरूनच ओळखेल’ अशी सूचना करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवे. तो रंग माणसाने माणसाला ओळखावे यासाठी आहे. वाघासाठी तो नाही.

कायद्यातला शिकारी

चांदा हा एकेकाळी शिकारीचा जिल्हा होता. इंग्रजी अमदानीत मध्य प्रांतातील राखीव जंगले ‘शूटिंग ब्लॉक’मध्ये विभागलेली असत, परवाना घेऊन साहेब लोक तेथे येत. मचाणावर बंदूक आणि खाली हाका. ढोल, डबे, आरोळ्या यांनी सावज मचाणाकडे रेटणारे शे-दीडशे गावकरी हे या शिकारीचे खरे बळ आणि सर्वाधिक धोकाही त्यांनाच. जखमी वाघ उलटला तर तो हाकेकऱ्यांवर आणि गोळी चुकली तर तीही त्यांच्याच दिशेने. हाक्याची रांग जवळ आल्यावर त्या बाजूला गोळी चालवायची नाही, हा संकेत त्यासाठीच होता. पोशाखाचा नियम मात्र नव्हता. साहेबाच्या अंगातील खाकी तर दडण्यासाठीच जन्माला आलेली. ‘खाक’ म्हणजे धूळ आणि १८४०च्या दशकाच्या उत्तरार्धात वायव्य सरहद्दीवरील गाइड्स पलटणीने हा धुळीचा रंग प्रथम अंगीकारला. आज आपला वनरक्षक तोच वारसा अंगावर वागवतो.

ताडोबाच्या परिसरात १९३५ मध्येच शिकारीला बंदी झाली. १९५५ मध्ये तेथे ११६.५५ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान झाले, राज्यातील पहिलेच. वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली ती १९७० मध्ये आणि दोनच वर्षांनी वन्यजीव संरक्षण कायदा झाला. या मूळ कायद्यात परवानाधारक शिकाऱ्याला जागा होती. कलम १७ मध्ये वाहनातून शिकार करू नये, रात्री कृत्रिम प्रकाशात करू नये, विष वा स्फोटके वापरू नयेत, अशी बंधनांची जंत्री होती. सगळी बंधने जनावराला न्याय्य संधी मिळावी म्हणून. शिकाऱ्याच्या कपड्यांविषयी एक शब्द नाही. १९९१च्या दुरुस्तीने परवाने संपले आणि ते कलमही गेले.

तेव्हापासून कायद्याने शिकार करता येते ती मुख्यत्वे कलम ११ खाली. माणसाच्या जिवाला धोका ठरलेला वाघ मारण्याची वा पकडण्याची परवानगी राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात. उभ्या पिकाचे नुकसान करणाऱ्या रानडुक्कर व रोही, म्हणजे नीलगाय, यांच्यासारख्या प्राण्यांसाठीही अशी तरतूद आहे. वनहक्क कायद्याने, २००६ साली, आदिवासींना व अन्य वननिवासींना गौण वनोपजाचे हक्क दिले, पण पारंपरिक शिकारीचा हक्क त्यातून स्पष्ट शब्दांत वगळला. माडिया-गोंड समाजात पारध हा केवळ पोटाचा नव्हे, सणाचाही भाग होता. कायद्यापुढे तो आज गुन्हा आहे.

एवढ्या अरुंद दारातून आत येणारे शिकारी कोण? चंद्रपूरपुरते सांगायचे तर २०१६ साली त्यांची चर्चा दिल्लीपर्यंत पोहोचली होती. त्या वर्षी जूनमध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री मेनका गांधी यांनी प्राणी मारण्याच्या परवानग्यांवरून आपल्याच सरकारच्या पर्यावरण खात्यावर टीका केली. चंद्रपुरात ५३ रानडुकरे मारण्यात आली असून आणखी ५० मारण्याची परवानगी दिली आहे, असे त्यांनी म्हटले होते. पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांनी पिकांच्या नुकसानीकडे बोट दाखविले. वाद रंगला तो डुकरांच्या जिवावरून. शेतशिवारात गोळ्या चालतात तेव्हा आजूबाजूच्या धुऱ्यांवर राखण करणाऱ्या शेतकऱ्यांचे काय, हा प्रश्न त्या गदारोळात कोणी विचारला नाही.

नरभक्षक ठरविलेल्या वाघांच्या मोहिमांत तर बंदुका, भुलीच्या बंदुका आणि माणसे यांची दाटी असते. ब्रह्मपुरी परिसरातील वाघिणीला गोळ्या घालण्याचा आदेश २०१७ मध्ये निघाला, तिला शेवटी पकडून बोर अभयारण्यात सोडण्यात आले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विजेच्या तारेने ती मेली. यवतमाळ जिल्ह्यात २ नोव्हेंबर २०१८च्या रात्री टी-१ म्हणजेच अवनी वाघिणीला उघड्या जीपमधून गोळी घालण्यात आली. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशीत कार्यपद्धतीचे अनेक भंग नोंदविले गेले. राजुऱ्यातील आरटी-१ वाघाला ऑक्टोबर २०२० मध्ये पिंजऱ्यात पकडले गेले. १३ जणांचे बळी घेणारा सीटी-१ वाघ १३ ऑक्टोबर २०२२ रोजी गडचिरोली जिल्ह्यातील वडसा वनक्षेत्रात बेशुद्ध करून जेरबंद झाला. अशा प्रत्येक मोहिमेत नेमबाज, पशुवैद्यक, शीघ्र बचाव दल, गावचे प्राथमिक प्रतिसाद दल, पोलीस आणि शेवटी बघ्यांची गर्दी एकाच झुडपी जंगलात असतात. बहुतेकांच्या अंगात खाकी वा पट्टेरी-ठिपकेदार लष्करी छापाचे कपडे. वाघापासून लपण्यासाठी घातलेला हा पोशाख सोबत्यापासूनही लपवतो, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

मरणारा कोण?

आता दुसरी बाजू. चंद्रपूर जिल्ह्यात २०२२ या एका वर्षात वाघ व बिबट्यांच्या हल्ल्यांत पन्नासहून अधिक माणसे मेली. त्यांतले कोणीही हातात बंदूक घेऊन गेले नव्हते. गुरे राखणारे, सरपण आणणारे, मोह वेचणारे, शेतावर जागलीला गेलेले असे हे लोक. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यातील मेंढा-माल येथील तीन स्त्रिया तेंदूपाने तोडायला गेल्या असता एकाच हल्ल्यात ठार झाल्या. २० नोव्हेंबर २०२१ रोजी ताडोबाच्या कोलारा परिक्षेत्रात व्याघ्रगणनेच्या पूर्वतयारीसाठी पायी फिरणाऱ्या एका महिला वनरक्षकाला वाघिणीने सोबत्यांच्या डोळ्यांदेखत ओढून नेले. ती गणवेशात होती, कर्तव्यावर होती आणि वाघीण समोर दिसल्यावर थांबून वाट वळवण्याची दक्षताही तिने घेतली होती.

तेंदूचा हंगाम समजून घेतल्याशिवाय या मृत्यूंचे कारण कळत नाही. मे महिना, पारा पंचेचाळिसाच्या वर. ऊन चढण्याआधी पाने तोडून घरी परतायचे म्हणून पहाटेच निघावे लागते. तेंदूची चांगली पाने मोठ्या झाडाला नव्हे, तर कमरेएवढ्या झुडपांना येतात. त्यामुळे वाकून, झुडपात शिरून तोडणी होते. घरी ७० पानांचा एक पुडा बांधला जातो. अशा १००० पुड्यांचे एक प्रमाण गोणी. मजुरी पुड्यांवर मिळते, म्हणून प्रत्येक जण दुसऱ्याच्या थोडा पुढे, थोडा बाजूला, जिथे पाने जास्त तिथे सरकत जातो आणि घोळका नकळत पांगतो. मोह वेचतानाही तेच. फुले पहाटे गळतात, ती जमिनीवरून बसून वेचायची. बसलेला वा वाकलेला माणूस वाघाला दोन पायांचा प्राणी वाटत नाही. आणि वाघ समोरून येत नाही, तो मागून किंवा बाजूने येतो.

ही मागून येण्याची सवय ओळखून बंगालच्या सुंदरबनात १९८६ पासून एक अजब प्रयोग झाला. मध गोळा करणारे, लाकूडतोडे यांना डोक्याच्या मागच्या बाजूला माणसाच्या चेहऱ्याचे मुखवटे बांधायला दिले. आपल्याकडे कोणी पाहत आहे असे वाटले तर वाघ चाल करीत नाही, हे त्यामागचे गृहीतक. पहिल्या काही वर्षांत मुखवटेवाल्यांवर हल्ले जवळजवळ थांबले आणि जगभर त्याची बातमी झाली. पुढे परिणाम ओसरत गेल्याचे म्हटले गेले. वाघ शिकला, असे काहींचे मत. काम करताना मुखवटा काढून ठेवण्याचा कंटाळाही असेलच. तरीही त्या प्रयोगामागे वाघाच्या स्वभावाचा काही विचार होता. केशरी जाकिटामागे वाघापुरता तोही नाही.

मग वनोपज गोळा करणाऱ्यांना जाकीट निरुपयोगीच काय? तसेही नाही. पांगलेला घोळका एकमेकांच्या नजरेत राहणे ही मोठी गोष्ट आहे. दाट झाडीत पन्नास पावलांवरची सोबतीण दिसेनाशी होते आणि ती दिसत नाही हे कळायलाही वेळ लागतो. उजळ कपडा असेल तर ‘कोण नाही’ ते चटकन कळते, शोधमोहिमेत शोध लवकर लागतो. एवढाच त्याचा उपयोग आणि तेवढाच सांगून तो द्यावा. वाघापासून रक्षण करणारे कवच म्हणून तो वाटला गेला, तर घोळका सोडून दोन पावले पुढे जाण्याचे धाडस वाढेल आणि ते धाडस जिवावर बेतेल.

गडचिरोलीत रंगाचा अर्थ वेगळा

वैनगंगा ओलांडली की या प्रश्नाला आणखी एक पदर येतो. १९८२ साली चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात चार दशके कपड्यांचा रंग हा राजकीय विषय होता. दलमचा गणवेश ऑलिव्ह हिरवा. त्यांच्याशी लढण्यासाठी १९९० मध्ये उभारलेल्या सी-६० दलाचे जवानही झाडीत मिसळणाऱ्या रंगात. दोन्ही बाजू न दिसण्यात तरबेज. मधल्या गावकऱ्याकडे असते ती ठासणीची बंदूक, म्हणजे भरमार, पिढ्यान्‌पिढ्या घरात वळचणीला ठेवलेली. अशी बंदूक खांद्यावर टाकून पारधीला निघालेला माणूस दुरून कोणाला काय वाटेल हे सांगता येत नाही. झारखंडमधील लातेहार जिल्ह्यात जून २०२१ मध्ये सणाच्या पारंपरिक शिकारीला भरमार घेऊन निघालेल्या आदिवासी तरुणांवर सुरक्षा दलांनी गोळीबार केला आणि एक तरुण मेला. गडचिरोलीत पोलिसांच्या आवाहनानंतर अनेक गावांनी आपापल्या भरमार बंदुका जमा केल्या आहेत, त्यामागे बंदूक नक्षलवाद्यांच्या हाती जाऊ नये हा एक उद्देश आणि गैरसमजातून होणारी गोळी टाळणे हा गावकऱ्यांचा फायदा.

ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती ऊर्फ मल्लोजुला वेणुगोपाल राव आपल्या सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शरण आला. बंदुकीची भीती ओसरत असताना वडसा, आरमोरी पट्ट्यात वाघाची भीती मात्र वाढली आहे. अशा ठिकाणी ‘लपू नका, दिसा’ हा संदेश देणारे जाकीट गावकऱ्यांनी सहज स्वीकारावे अशी अपेक्षा करताना, दिसणे हेच जिथे कित्येक वर्षे धोक्याचे होते त्या लोकांशी आपण बोलत आहोत, एवढे भान ठेवलेले बरे.

सक्ती कोणावर?

चोरट्या शिकाऱ्याला जाकिटाचा नियम लागू होणारच नाही, कारण न दिसणे हाच त्याचा धंदा. २०२५च्या जानेवारीत राजुऱ्यात परराज्यातील वाघशिकारी टोळीच्या म्होरक्याला अटक झाली, तेव्हा दिसून आले की हे लोक जंगलाच्या कडेला साध्या पालात राहून काम करतात. स्थानिक पातळीवरची चोरटी शिकार तर पुष्कळदा बंदुकीशिवायच होते: तारेचे फासे, गावठी बॉम्ब आणि विजेच्या वाहिनीवर आकडा टाकून शिवारात सोडलेला प्रवाह. त्या तारेला डुक्कर, वाघ आणि पहाटे शेतात जाणारा शेतकरी यांतला फरक कळत नाही. केशरी जाकीट घातलेला शेतकरीही तिला तेवढाच.

वनोपज गोळा करणाऱ्यांवर सक्ती करण्यात याहून मोठा धोका आहे. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू आल्यास राज्य सरकार वारसांना २५ लाख रुपयांची मदत देते. २०२३ मध्ये ती रक्कम २० लाखांवरून वाढविण्यात आली. मदतीच्या प्रत्येक प्रकरणात पंचनामा होतो, मृत व्यक्ती कोठे होती, कशासाठी गेली होती, नियमांचा भंग केला होता काय, हे तपासले जाते. पोशाख एकदा कायद्याने बंधनकारक केला की पंचनाम्यात आणखी एक रकाना वाढेल: ‘मृताच्या अंगात विहित जाकीट होते काय?’ पंचेचाळीस अंशांच्या उन्हात घामाने चिंब होऊन पॉलिस्टरचे जाकीट झुडपावर टांगून ठेवणाऱ्या बाईच्या मुलांना त्या रकान्याची किंमत मोजावी लागेल. सरकारी कागदाचा अनुभव असलेल्या कोणालाही हे अतिशयोक्त वाटू नये.

म्हणून प्रस्तुत लेखकाचे मत असे की, सक्ती असावी, पण ती बंदूक धरणाऱ्यावर असावी आणि त्यासाठी नवा कायदा करण्याची गरज नाही. कलम ११ खालील परवानगी ही लेखी असते आणि लेखी परवानगीला अटी घालता येतात. रानडुक्कर वा रोही मारण्याची परवानगी देताना नेमबाज आणि त्याचे सर्व सोबती यांनी छाती-पाठीवर फ्लोरोसंट केशरी जाकीट व त्यावर परावर्तक पट्ट्या घालाव्यात, ही एक अट पुरेशी आहे. पट्ट्या अनिवार्य, कारण काम रात्रीचे. लगतच्या शेतकऱ्यांना व जागलीवर असणाऱ्यांना आदल्या दिवशी दवंडीने किंवा ग्रामपंचायतीमार्फत कळविण्याची अट त्याच कागदावर असावी. लोतच्या लाकूडतोड्याला जाकिटापेक्षा ही सूचना अधिक उपयोगी पडली असती. आणि न्यूझीलंडकडून घ्यावे ते हे की, जाकीट न घातलेली आकृती म्हणजे सावज असे समजण्याचा अधिकार अटीतून कोणालाही मिळू नये. ओळख पटविण्याची जबाबदारी परवानाधारकाचीच, हे परवानगीत वेगळ्याने लिहिलेले असावे.

वाघ पकडण्याच्या मोहिमांतही हेच व्हावे. भूल देणारा पशुवैद्यक आणि मचाणावरचा नेमबाज यांनी खाकीत राहावे हे समजू शकते, जरी वाघाच्या डोळ्यांचा विचार करता तेही आवश्यक आहेच असे नाही. पण घेरा धरून उभी असलेली, वाहनांवरची, गर्दी हटविणारी माणसे उजळ कपड्यांत असतील तर भुलीची वा खरी गोळी कोणत्या दिशेला चालवायची नाही हे मचाणावरून एका दृष्टिक्षेपात कळेल. हाक्याच्या रांगेकडे बंदूक वळवायची नाही हा चांद्याच्या जंगलातला जुना संकेत. रांग दिसली तरच तो पाळता येतो.

तेंदू आणि मोहाच्या हंगामासाठी जाकिटे वाटायची असतील तर ती संकलन केंद्रावर किंवा ग्रामसभेमार्फत फुकट वाटावीत, बिनबाह्यांची, जाळीच्या कापडाची. घालणे ऐच्छिक असावे आणि मदतीच्या अर्जाशी त्यांचा काडीचाही संबंध नसावा. लेखा-मेंढ्याने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळविल्यापासून गडचिरोलीतील कित्येक ग्रामसभा तेंदू व बांबूची विक्री स्वतः करतात. तोडणीला कोणत्या भागात जायचे, किती जणांनी एकत्र राहायचे, ट्रॅप कॅमेऱ्यात वाघ दिसला त्या बाजूचे कूप किती दिवस वगळायचे, हे त्या ठरवू शकतात. वनविभागाने कॅमेऱ्यातील माहिती तोडणीच्या आदल्या संध्याकाळी गावात पोहोचविली पाहिजे. मे महिन्यात ती सकाळी दहा वाजता मिळून काही उपयोग नाही, तोवर पाने तोडून लोक परतलेले असतात.